पुलिस ॲक्शन आणि मुक्तिसंग्राम

शाळेत त्याला मुक्तिसंग्राम म्हणायचे, घरी पुलिस ॲक्शन. नांदेडला १७ सप्टेंबरचं झेंडावंदन करून मी घरी यायचो आणि दादी त्याच दिवसांबद्दल बोलताना आवाज खाली आणायची. ही दोन नावं मी कधी एका वाक्यात घेतली नाहीत. तुमच्यापैकीही बहुतेकांनी घेतली नसतील.

आता दर सप्टेंबरला मोबाइलवर दोन गोष्टी येतात. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी ‘रझाकारांची औलाद’ लिहितो, वर हसण्याची इमोजी. आणि आपल्याच पोरांच्या ग्रुपवर निझामाच्या हिऱ्याची रील फिरते, खाली लिहिलेलं असतं, ‘कभी हमारी हुकूमत थी’. पहिल्याचा आपल्याला राग येतो. दुसऱ्याकडे कानाडोळा करतो. मला दुसऱ्याबद्दल आधी बोलायचंय.

कुणाची हुकूमत? हैदराबाद संस्थानात मुसलमान शंभरात तेराच्या आसपास. त्यातले जहागीरदार मूठभर, बाकी मागावरचे मोमीन, गाड्यावरचे बागवान, शेतमजूर. इत्तेहादुल मुस्लिमीनने त्यांना ‘अनल मलिक’ शिकवलं, म्हणजे मीच बादशाह. खिशात दमडी नाही आणि डोक्यावर ताज! लातुरात वकिली करणाऱ्या कासिम रझवीने याच नशेवर रझाकार पोसले. त्यांनी गावं लुटली, माणसं मारली. हे नाकारणारा आपलाच असला तरी खोटं बोलतो.

त्याच हैदराबादेत शोएबुल्ला खान होते, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. भारतात विलीन व्हा, असं ते उर्दूतून लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना ठार केलं. त्यांचा फोटो तुमच्या स्टेटसला कधी होता?

आता हिशेब बघा. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ला निझाम शरण आला. १९५०मध्ये तोच राजप्रमुख झाला आणि १९५६पर्यंत राहिला. रझवी तुरुंगातून सुटला आणि १९५७मध्ये पाकिस्तानात गेला. बिल कुणाच्या नावावर फाटलं? पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार यांची समिती १९४८च्या शेवटी गावोगाव फिरली. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजार. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. लातूर शहरात वीसपेक्षा जास्त दिवस कत्तल चालली आणि दहा हजार मुसलमानांतले जेमतेम तीन हजार उरले, असं अहवाल सांगतो. शेजारच्या मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे. हा सरकारी अहवाल कित्येक दशकं बंद कपाटात होता. आजही झेंडावंदनाच्या भाषणात त्याचं नाव निघत नाही.

म्हणून ग्रुपवरच्या त्या मित्राला मी एवढंच विचारतो: रझवी गेला, माझे आजोबा राहिले, मग मी कुणाची औलाद? आजोबा नांदेडातच राहिले. १९५६ला सरहद्द हलली, मुधोळ तालुका तेलुगू मुलखात गेला, उदगीर बिदरमधून मराठीत आलं, पुढे १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. घराचा उंबरा न ओलांडता माणसं निझामाच्या रयतेतून मराठी नागरिक झाली. आम्ही मराठी शाळेत गेलो, मराठीतच भांडतो. यापेक्षा जास्त कागद कुणाला दाखवायचे?

माझं म्हणणं सरळ आहे. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जा, मागे नाही, पुढच्या रांगेत उभे राहा. निझामाच्या राजवटीतून आपणही सुटलो. स्वामी रामानंद तीर्थांसोबत शोएबुल्ला खानांचंही नाव घ्या. आणि त्याच दिवशी, त्याच मैदानावर, तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला लेखी निवेदन द्या: सुंदरलाल अहवाल मराठीत छापा, जिल्हा ग्रंथालयात ठेवा.

घरातले मोठे म्हणतील, बेटा, आत्ता वातावरण बरोबर नाही. चाचा, १९४८पासून हेच ऐकतोय. निवेदनाचा मसुदा मी लिहिलाय, एक पानाचा. सह्या हव्यात, पहिली तुमची.