तव्याची काजळी

मागच्या महिन्यात किनवटला आमच्या गल्लीत शूटिंग झालं. कॉलेजची पोरं. कॅमेरा मोबाइलचा, लाईट भाड्याचा, खिसा फाटका आणि विषय : दलितांचं दुःख. फाटक्या खिशाचं मला कौतुकच. मी घर दिलं, चहा दिला.

मग आर्ट डायरेक्शनवाल्यानं घरात नजर फिरवली. मांडणीवरची स्टीलची भांडी उतरवली, टीव्हीवर गोधडी टाकली आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात घातला. म्हणाला, 'हे सगळं गरीब वाटत नाही.' तिकडं मेकअपवाल्या पोरीनं तव्याची काजळी बोटावर घेतली आणि माझ्या आजीच्या गालाला फासली. आजी म्हणाली, 'बाई, मी रोज तोंड धुते. हे काहून लावायलीस?'

पोरीकडं उत्तर नव्हतं. सिनेमावाल्यांकडं तरी कधी होतं? गावकुसाबाहेरचा माणूस दाखवायचा म्हणजे गोरा नट घ्यायचा आणि त्याला काळं फासायचं, हीच ह्यांची रंगभूषा. आणि मोबाइलचं ब्यूटी फिल्टर आपल्याला न विचारता उजळ करतं. एकजण काळं करतो, दुसरा गोरं. आहे तसा चेहरा साला कुणालाच नको!

ह्या खोटेपणाचा पंचनामा नागराज मंजुळेनं केला. नगरला शिकत असताना त्यानं 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म केली (२००९). तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं 'फँड्री'त (२०१३) जब्या तोंडाला पावडर थापतो, नाक सरळ व्हावं म्हणून चिमटा लावतो. तिथं मेकअप हाच विषय आहे : पोराला स्वतःच्या कातडीची लाज कुणी शिकवली? आणि शेवटाकडं डुक्कर खांद्यावर घेऊन ते कैकाडी कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जातं. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई रंगवलेले. कुणी भाषण करत नाही. भिंत बोलते. कलादिग्दर्शन ह्याला म्हणतात. आणि आमचे पठ्ठे भिंतीवरचा फोटोच उतरवायला निघालेले!

मग पैसे नसताना करायचं काय? आधी नीट बघायचं. कॉलर विरते मानेपाशी, शर्ट फाटतो कोपराला. वाटेल तिथं कात्री चालवू नका, पॉलिश पेपरनं तिथंच घासा. नवं कापड चहाच्या पाण्यात उकळा. घाम हवा तर ग्लिसरीनमध्ये पाणी घालून फवारा. रक्ताला काकवी आणि खायचा लाल रंग पुरतो. प्रत्येक शॉटनंतर चेहऱ्याचा, खोलीचा फोटो काढून ठेवा, नाहीतर जखम उजव्या गालावरून डाव्या गालावर जाईल. फिल्टर बंद करा, एक्स्पोजर काळ्या चेहऱ्यावर लॉक करा. मागची खिडकी पांढरी पडली तर पडू द्या. आणि घरातली वस्तू हलवण्याआधी घरच्या माणसाला विचारा, ही कधी घेतली, कुठल्या पैशातून. आमच्या मांडणीवरचं पहिलं पातेलं आजीनं तेंदूपत्त्याच्या मजुरीतून घेतलंय. ते झाकलं की आजीचे कष्टच झाकले. फोटो काढला की तिची लढाई गेली. उरतं काय, तर एक बिचारी म्हातारी. ती आम्ही नाही.

आमच्याच डोंगरात दिवाळीला गोंडांचे घुसाडी अंगाला राख लावतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात. रंगभूषा तीही. पण त्या राखेनं माणूस मोठा होतो. आपल्या हातानं लावलेली राख वेगळी आणि दुसऱ्यानं फासलेली काजळी वेगळी.

फोटो मी उतरवू दिला नाही. शूटिंग तासभर अडलं. शेवटी त्याच पोरीनं ओला फडका आणला आणि आजीचं तोंड पुसलं. सीन झाला : भांडी, फोटो, आजी, सगळं जागच्या जागी.

दोस्तांनो, मोबाइल तुमच्याही खिशात आहे. आपलं घर दाखवायला दुसरं कुणी येईल, ह्याची वाट कशाला बघता?