वारं सरायची वाट किती बघायची?

पोटाचं ऑपरेशन झालं की आपल्याकडे दोन गोष्टी बंद होतात: खाणं आणि हलणं. नांदेड-लातूरच्या सर्जरी वॉर्डांत सिस्टर म्हणून माझी उमर गेली. हा दंडक डॉक्टरांपेक्षा घरचे लोक कडक पाळतात, आणि तो आता मोडलाच पाहिजे असं माझं मत आहे.

कॉटभोवती एकच चौकशी असते, "सिस्टर, वारं सरलं का?" तोवर पाण्याचा घोटही नाही. पण आतडं काही एकदम जागं होत नाही. लहान आतडं काही तासांत चालू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन-तीन. वारं सरतं ते सगळ्यात उशिरा उठणाऱ्याच्या मर्जीनं. त्याच्यासाठी बाकीच्यांना उपाशी का मारायचं? डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकातच लवकर खाऊ घालण्याची आणि लवकर उठवण्याची पद्धत रुजवली. लवकर खाल्ल्यानं आतड्याचा जोड सुटतो ही भीती पुढच्या अभ्यासांत खरी ठरली नाही.

"सलाईन चालू आहे ना, मग ताकद मिळतेच," असं म्हणणारे पुष्कळ. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. एका भाकरीएवढीही ताकद नाही त्यात! डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी पाणी, चहा. ते पचलं की मऊ वरणभात, दही, अंडं. नुसतं वरणाचं पाणी पाजून जखम भरत नसते. ठेचा मात्र थांबू द्या.

उठवणं जास्त अवघड. "अण्णाला कशाला उठवता, टाके उसवतील," म्हणत पोरगा आडवा येतो. आधी दुखणं कमी करणारं औषध द्यायचं, ते लागू पडू द्यायचं. मग अण्णांना कुशीवर घ्यायचं, कोपरावर जोर देऊन बसवायचं, पाय कॉटखाली सोडायचे. चक्कर येत नाही ना, बघायचं. लघवीची पिशवी कमरेच्या खाली धरायची, उशी पोटाशी. खिडकीपर्यंत चार पावलं झाली तरी खूप. पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होते, छातीत कफ साचतो. त्यापुढे टाक्यांची भीती किरकोळ आहे.

सगळ्यांना हे एकाच मापानं लागू नाही. आतडं फुटून पोटात पू झालेला पेशंट वेगळा. उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, तर खाणं थांबवून लगेच डॉक्टरांना सांगायचं.

अडचण वेगळीच आहे. किनवट-माहूरहून आलेला भाऊ संमतीपत्रावर सही करतो, दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी मेव्हणा येतो, आणि डॉक्टरांनी समजावलेलं सगळं भावाबरोबर गावी जातं. म्हणून इंजेक्शनची वेळ लिहितात तशी पेशंटला उठवायची आणि खाऊ घालायची वेळही केसपेपरवर लिहिली पाहिजे. व्हरांड्यात सतरंज्या आणि डब्यांमधून चालायला हातभर वाट ठेवणं हे दवाखान्याचं काम आहे.

तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर सही करण्याआधीच डॉक्टरांना विचारा: पाणी कधी, जेवण कधी, उठवायचं कधी? आणि उत्तर कागदावर मराठीत लिहून घ्या.