बाहेरची काच

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत खिडक्यांची पाळी आली आणि आमच्या पाचव्या मजल्यावरील घरी कामाला येणाऱ्या मावशींनी बाहेरची काच पुसण्यासाठी एक पाय छज्ज्यावर टाकला. मी हात धरून त्यांना आत ओढले. त्या हसून म्हणाल्या, "ताई, दरवर्षी असंच तर पुसते!" दरवर्षी! आणि मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते.

वस्तुतः सरकत्या खिडकीचे तावदान, अटकाव असल्यास तो सोडवून, किंचित वर उचलले की बहुधा रुळातून आत काढता येते. दोघींनी मिळून ते उतरवावे. मात्र बाहेर ग्रिल नसेल तर हे कामही जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. फटीतील मुंग्या-कोळी आधी मऊ कुंचल्याने अलगद बाजूला करावेत. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने सुटतात. रुळातील छिद्रेही मोकळी करावीत; ती तुंबली की पावसाचे पाणी घरात येते.

न निघणाऱ्या काचांसाठी शेजारच्या चार घरांनी मिळून, दोर व सुरक्षापट्टा वापरणारी माणसे बोलवावीत. दर खिडकीमागे की चौरस फुटामागे, बाहेरची बाजू व जाळी त्यात धरली आहे का, हे आधीच विचारावे. आम्हाला तो आकडा जड वाटला खरा. पण याच कामाचे मावशींना आपण काय देत होतो? बोनसमध्येच धरलेले, म्हणजे काहीच नाही.

यंदा त्यांनी आतूनच पुसले आणि त्याचे पैसे वेगळे घेतले. जिन्याकडची एक काच अजून मळकीच आहे.