नाव बदललं म्हणून हसण्याआधी फेरफार वाचा

कापूसवाल्यांच्या गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणे शास्त्रज्ञांना काम उरलं नाही, म्हणून ते किड्यांची नावं बदलत बसलेत. खाली हसणाऱ्यांची रांग. शेतकऱ्यांनी हसावं, ठीक आहे, आपल्याला लॅटिन कुणी शिकवलंय? पण कृषी पदवी घेतलेले चार-पाच जण त्यात बघितले आणि डोकं फिरलं. म्हणून हे लिहितोय.

मंडळी, सातबारा कुणाचा हे कसं ठरतं? तोंडी सांगण्यावरून नाही. जुने फेरफार काढायचे, सगळ्यात आधीची नोंद कुणाची ते बघायचं, वाद असला तर हद्दीच्या दगडापासून मोजणी आणायची. प्राण्यांच्या नावांचा कायदा जवळपास असाच आहे. आधीचं नाव खरं, नंतरचं रद्द. आणि हद्दीचा दगड म्हणजे कुठल्यातरी संग्रहालयात टाचणीला टोचून किंवा काचपट्टीवर ठेवलेला तो मूळ नमुना, ज्याच्यावरून नाव दिलं. वाद झाला की तिथंच जायचं. नाव बदलतं ते शास्त्रज्ञाला हुक्की आली म्हणून नाही, जुना फेरफार सापडला म्हणून.

आता आपल्याच शिवारातली गोष्ट घ्या. पिठ्या ढेकूण आठवतोय ना? २००५-०६ नंतरचे ते हंगाम. कपाशीचे शेंडे पांढरे, पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी, आणि बांधावरचं गाजर गवत तर कुणी कापूस पिंजून टाकल्यासारखं. फवारण्या करून लोक थकले. तेव्हा हा नेमका कोण, यावरच एकमत नव्हतं. कुणी म्हणे जास्वंदीवरचा जुनाच आहे. शेजारी पाकिस्तानात तर ही नवीनच प्रजाती म्हणून तिला 'कपाशीवर प्रेम करणारा' अशा अर्थाचं नाव देऊनही झालं. शेवटी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या लोकांनी नऊ राज्यांतल्या ४७ ठिकाणांचे नमुने तपासले. मादी काचपट्टीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, फोटोवरून हे काम होत नाही. जवळपास सगळीकडे निघाला एकच, फेनाकोकस सोलेनोप्सिस. नाव १८९८ सालचं, टिन्स्ली नावाच्या माणसानं अमेरिकेत दिलेलं. सोलेनोप्सिस हे मुंग्यांचं नाव, कारण पहिला नमुना त्यांच्या वारुळात मिळाला होता.

मग पाकिस्तानातलं ते नवीन नाव गेलं रद्दीत. आणि नाव ठरल्याबरोबर एक गोष्ट कळली: पाहुणा अमेरिकेचा आहे. म्हणजे त्याचा वैरीही तिकडचाच असणार.

२००८ च्या सुमारास शेतात काही ढेकूण तपकिरी, कडक, फुगलेले दिसायला लागले, एका बाजूला बारीक गोल भोक. आपण म्हणायचो, औषध लागलं. औषध कसलं, आतून गांधीलमाशीच्या जातीतला एक इवलासा कीटक त्याला पोखरून बाहेर पडत होता. अलीगढचे मोहम्मद हयात हे या इवल्या कीटकांचे मोठे जाणकार. त्यांनी २००९ मध्ये त्याचं नवीन प्रजाती म्हणून वर्णन केलं आणि शास्त्रज्ञ बंबावाले यांच्या नावावरून नाव दिलं एनासियस बंबावालेई. आपल्या माणसाचं नाव, आपल्या शेतातला मित्रकीटक, बरं वाटलं होतं. २०१४ मध्ये नमुने पुन्हा ताडून बघितले तर कळलं, हाच कीटक जिरॉल्ट यानं शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या नावानं नोंदवून ठेवलाय. झालं. बंबावालेई नाव मागं पडलं, एनासियस ॲरिझोनेन्सिस आलं.

हसणाऱ्यांना हीच गोष्ट विनोदाची वाटते. मला यात शेतकऱ्याच्या कामाची माहिती दिसते. एका नावाच्या दुरुस्तीनं कळलं की ढेकूण आणि त्याचा वैरी दोघंही एकाच गावचे. तो कुणी मुद्दाम आणून सोडला नव्हता, सावजाच्या मागं आपला आपण आला. आता तुम्ही त्या ढेकणावर जहाल औषध मारता तेव्हा हा फुकट आलेला गडीही मारता. आणि हयात यांना हसायचं काही कारण नाही. जिरॉल्टची वर्णनं त्रोटक म्हणून प्रसिद्ध आहेत. तेवढ्यावरून ओळख पटवणं म्हणजे नुसता 'विहिरीजवळचा गट' एवढंच लिहिलेल्या कागदावरून मोजणी करण्यासारखं.

नाव चुकलं तर काय होतं ते बघायचं असेल तर आपल्या उपवासाच्या ताटात बघा. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. आफ्रिकेत हा कंद कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न, आणि १९७० च्या दशकात तिथं त्याच्यावर एक पिठ्या ढेकूण आला. १९७७ मध्ये त्याला नाव मिळालं, फेनाकोकस मॅनिहोटी. वैरी शोधायला लोक दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात गेले. तिथं तसाच ढेकूण मिळाला, त्याच्यावरचे मित्रकीटक आणले, पण ते आफ्रिकेतल्या ढेकणाला धरेनात. का? तर ती दिसायला सारखी पण वेगळीच प्रजाती होती. एकात नर सापडतात, दुसऱ्यात नुसत्या माद्या. हे वर्गीकरणवाल्यांनी दाखवून दिलं आणि १९८१ मध्ये तिला वेगळं नाव दिलं. खरा ढेकूण त्याच वर्षी पॅराग्वेत सापडला, त्याच्या अंगावरचा खरा वैरीही तिथंच. तो आफ्रिकेत सोडला आणि पीक सावरलं. त्या कामासाठी हान्स हेरेन यांना १९९५ चं जागतिक अन्न पुरस्कार मिळालं. २०२० मध्ये तोच ढेकूण केरळात उतरला, तेव्हा आपल्या लोकांना चाचपडावं लागलं नाही. आफ्रिकेतल्या बेनिनमधून तोच मित्रकीटक मागवला आणि तमिळनाडूत सोडला. नाव बरोबर होतं, म्हणून पत्ता बरोबर होता.

आता दुसरी बाजू. प्रत्येक बदलाला मी माना डोलावणार नाही. बाभळीचंच घ्या. ॲकेशिया हे नाव मुळात आपल्या काटेरी बाभळीचं. पण आफ्रिका-आशियातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या जाती वेगळ्या कुळी ठरल्या, तेव्हा नाव कुणाकडं ठेवायचं हा वाद झाला. वनस्पतींच्या नियमाप्रमाणं ते आपल्या बाभळीकडं राहायला हवं होतं. २००५ मध्ये व्हिएन्नात नियमाला अपवाद करून ते ऑस्ट्रेलियाला दिलं, कारण तिकडं जाती हजाराच्या घरात, तेवढी नावं बदलायला नकोत. २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका, खैर झाला सेनेगालिया. आणि कोकणात वनखात्यानं लावलेली ती बिनकाट्याची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र आता कायदेशीर ॲकेशिया! भाऊबंदकीत ज्याची पोरं जास्त त्याला वाडा दिला, यातला प्रकार. इथं ओरडा, मी तुमच्यासोबत आहे. पण बघा, इथंही बिघडलं ते नियम पाळल्यानं नाही, मोडल्यानं.

खरा राग काढायचाच असेल तर पुड्यांवर काढा. व्हर्टिसिलियम लेकॅनी हे नाव तुम्ही अजूनही पुडीवर वाचता. ही बुरशी २००१ मध्ये लेकॅनिसिलियममध्ये गेली, पुढं तिथूनही हलली. का हलवली? कारण व्हर्टिसिलियम नावाखाली किडीला मारणारी बुरशी आणि कपाशीला मर आणणारी बुरशी एकाच खोलीत कोंबल्या होत्या. एका शेतकरी दादानं मला विचारलं होतं, 'मर रोगाची बुरशी आपणच विकत घेऊन फवारायची का?' शंका अगदी रास्त. नोंदणी जुन्या नावावर झालेली, मग पुडीही जुन्या नावावर. पण कंसात नवं नाव छापायला कुणाचा हात धरलाय? कृषी सल्लागारांनाही हेच सांगणं आहे. पोस्ट टाकताना जुनं-नवं दोन्ही लिहा. २००९ ते २०१४ मधलं सगळं आपल्याकडचं काम बंबावालेई या नावाखाली पडून आहे, नुसतं नवं नाव शोधणाऱ्याला ते सापडायचं नाही.

अजून एक खोड. देशात पहिल्यांदा दिसलेली कीड आणि जगाला माहीतच नसलेली प्रजाती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली तेव्हा 'नवीन प्रजाती, नवीन औषध' म्हणून किती विक्री झाली! तिचं वर्णन १७९७ सालचं आहे. तिचं चालचलन दोनशे वर्षांच्या पुस्तकांत लिहिलेलं होतं, फक्त नावानं शोधायचं होतं.

आणि कृपा करून दर वेळी नुसता फोटो पाठवून 'ही कोणती कीड' विचारू नका. पिठ्या ढेकूण दिसला तर फांदीचा तुकडा छोट्या बाटलीत ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. आत कागदाची चिठ्ठी, तीही पेन्सिलीनं लिहिलेली, शाई विरघळते. गाव, तारीख, पीक, कोणत्या भागावर होता. तपकिरी कडक झालेले दिसले तर ते वेगळ्या कोरड्या बाटलीत घालून तोंडाला बारीक कापड बांधा. काही दिवसांत त्यातून जे बाहेर येईल तेही अल्कोहोलमध्ये घाला. दोन्ही बाटल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या आणि पुढं बंगळुरूच्या कीटक संसाधन ब्युरोकडं पाठवायला सांगा. (त्या संस्थेचंही नाव आजवर दोनदा बदललंय. त्यावर कुणी हसल्याचं ऐकलं नाही.)

बांधावरचं गाजर गवत उपटण्याआधी एकदा वाकून बघा, कोरड्या बाटलीचा माल तिथंच जास्त मिळतो.