जीभ सोलणारे गुरुजी

जासईच्या प्रौढवर्गात एक आगरी आजी ‘पानी’ म्हणाल्या. गुरुजींनी ‘पाणी म्हणा!’ असे तीनदा घोकून घेतले; वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून आजी आल्या नाहीत. मी तिथेच होतो आणि गप्प बसलो.

अहो, अक्षरे शिकवायला बसलात की जीभ सोलायला? ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्यावाचून या मुलखात मिठागरे पिकली! १९७० नंतर नव्या मुंबईसाठी याच लोकांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या लढ्यात पाच शेतकरी गोळीबारात पडले. सातबाऱ्यावर काय लिहिले आहे ते आपले आपल्याला कळावे, एवढ्यासाठी ही माणसे म्हातारपणी पाटी धरतात. पाटीवर ‘पाणी’ खुशाल लिहा. आजी ‘पानी’ वाचतील. त्यात मराठीचे काय बुडते?

उद्या मी आजींच्या दारी जाणार आहे. गुरुजी, येता?