बॅनरवर नसलेली मुलं

दहावीचा निकाल लागला की आमच्या मालेगावात मोहल्ल्यामोहल्ल्यांत बॅनर झळकतात. कुठे ९५ टक्के, कुठे शंभर. मग टपरीवर चहा पिता पिता निवाडा होतो : ही शाळा चांगली, ती बेकार. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आकड्यांवरच माझं पोट चालतं. म्हणून ठामपणे सांगतो, हा निवाडा चुकीचा आहे.

टक्केवारी निघते ती फक्त परीक्षेला बसलेल्यांची. समजा, एका शाळेत पाचवीला १०० मुलं होती. दहावीला ४० बसली, सगळी पास. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेत १०० पैकी ८० बसली, ६४ पास. निकाल ८० टक्के. बॅनर पहिलीचा लागतो, जास्त मुलं पास केली दुसरीने! पहिलीतली ६० कुठे गेली? काहींनी शाळा बदलली असेल. बाकीची यंत्रमागावर, गॅरेजात, नाहीतर घरी बसवलेल्या मुली. कच्च्या मुलाला नववीतच ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ म्हणून बाहेर काढणं, हीसुद्धा निकाल राखायची जुनीच युक्ती.

सगळ्यात जास्त अन्याय होतो महापालिकेच्या शाळांवर. त्या बहुतेक सातवी-आठवीपर्यंतच, त्यामुळे त्यांचा बॅनर लागणारच नाही. त्या मुलं निवडून घेत नाहीत, येईल त्याला घेतात. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं : देशातली ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. या मुलांना आधी दार उघडते ती हीच शाळा.

म्हणून या शाळांना माफी द्या, असं मी म्हणत नाही. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल, तर जाब विचारलाच पाहिजे. पण विचारणार कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपल्यापैकी किती जण त्या बैठकीला जातात?

दोस्तांनो, माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. आपल्या वॉर्डातल्या शाळेत पहिलीला किती मुलं आली, आठवीपर्यंत किती टिकली, शिक्षक किती, हे मागवा. आणि पुढच्या निकालाला प्रत्येक बॅनरखाली उभं राहून एकच विचारा : पाचवीला किती होती?