चित्र भिंतीवर आले, कथा मात्र मुकी झाली

शारदीय नवरात्रात कोकणातील देवालयांत एके काळी कीर्तन-पुराणाबरोबरच चित्रकथीही रंगत असे. समईच्या उजेडात ठाकर समाजातील कथेकरी पोथी उघडून बसे आणि रामायण-महाभारतातील एकेक प्रसंग चित्रातून दाखवीत, गाऊन सांगत असे. वीणा, टाळ आणि हुडुक एवढीच काय ती वाद्यांची साथ. अक्षरओळख नसलेल्या भाविकालाही रामकथा डोळ्यांनी वाचता यावी, अशी ही योजना होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातले पिंगुळी हे या कलेचे घर. सावंतवाडी संस्थानच्या राजाश्रयाने ती तेथे जोपासली गेली. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात येतो. यावरून या परंपरेचे मूळ किती खोल गेले आहे, याची कल्पना यावी.

या कलेकडे शासनाचे लक्ष गेलेले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पिंगुळीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली. आपल्या गुरांच्या गोठ्याचे त्यांनी कलासंग्रहालय केले, हे सर्वश्रुत आहे. पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, हाताने काढलेल्या चित्रांवरील आणि अनेक हस्तकलावस्तूंवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या दोन्ही गोष्टी स्वागतार्हच होत. परंतु त्यांनी चित्रकथी तगेल काय, हा प्रश्न शांतपणे तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम कराचा विचार करू. ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, त्या कारागिराला सर्वसाधारणपणे या कराच्या नोंदणीची सक्तीच नाही. खेड्यात बसून चित्रे काढणारा कलावंत बहुधा याच वर्गात मोडतो. तेव्हा सवलतीचा पहिला लाभ शहरातील विक्रेत्याला आणि ग्राहकाला होणार. कलावंतापर्यंत तो पोहोचलाच, तर वाढत्या मागणीच्या रूपाने, आडवाटेने पोहोचणार. दुसरी गोष्ट ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेची. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेच्या मूळ यादीत अठरा व्यवसाय आहेत. तीत कुंभार आहे, मूर्तिकार आहे, फुलांचे हार गुंफणारा आहे. बाहुल्या व खेळणी करणाराही आहे. चित्रकार मात्र नाही. याचा अर्थ असा की पिंगुळीतला जो हात कळसूत्री बाहुली कोरतो, तो या यादीत बसू शकतो. तोच हात पोथीतला राम रंगवू लागला की यादीबाहेर जातो!

तिसरी गोष्ट भौगोलिक मानांकनाची. आपल्या पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकलेला हे मानांकन २०१४ साली मिळाले. म्हणून तिची नक्कल थांबली काय? विवाहप्रसंगी सुवासिनींनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखावयाचा तो पालघाट देवीचा चौक. त्यातील नाचऱ्या आकृती आज यंत्रावर छापल्या जाऊन चादरींवर आणि पिशव्यांवर सर्रास दिसतात. मानांकनाने नावाचे रक्षण होते. विधीचे रक्षण कायदा करू शकत नाही. ते काम समाजाचे आहे.

येथेच दुखण्याचे मूळ सापडते. चित्रकथीचे चित्र हे भिंतीसाठी काढलेले चित्रच नव्हे. ते पोथीचे एक पान आहे. प्रारंभी गणपती आणि शारदा, मग क्रमाने एकेक प्रसंग. पुढचे पान समोर आले की कथा पुढे सरकावयाची. जीर्ण झालेली पोथी विकावयाची नाही, तिचे जलात विसर्जन करावयाचे, असा पूर्वापार संकेत. आज ग्राहक येतो तो एका चित्रासाठी. ते चौकटीत बसते आणि दिवाणखान्याला शोभाही देते. पण मागचे आणि पुढचे पान तुटल्याने ते मुके होते. चित्र विकले जाते म्हणून रंगवणारा हात टिकतो; कथा कोणी ऐकत नाही म्हणून गाणारा गळा मात्र थांबतो. या कथा मुखपरंपरेने आल्या आहेत. चित्रे संग्रहालयात जपता येतील, पण ती दाखवीत गाण्याची रीत तेथे कशी जपणार?

चित्रे विकूच नयेत, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. विक्रीवर ज्याची चूल पेटते, त्याला शुद्धतेचा उपदेश करणे हा क्रूरपणा ठरेल. तुटपुंज्या बिदागीवर रात्र जागवावी, अशी अपेक्षा कलावंतांच्या तरुण पिढीकडून कोणत्या तोंडाने करावी? मुद्दा एवढाच की विक्रीला श्रवणाची जोड मिळाली पाहिजे.

ती जोड देणे आपल्याच हाती आहे. राजाश्रय सरला, पण देवाश्रय सरलेला नाही. नवरात्रात रोषणाईवर आणि ध्वनिक्षेपकांवर देवस्थानांचा जो खर्च होतो, त्यातील अल्पसा भाग एका रात्रीच्या चित्रकथीसाठी, सन्माननीय मानधनासह, विश्वस्तांनी राखून ठेवावा. गृहस्थांनीही चित्र घेताना एखादा सुटा प्रसंग न घेता लहानशा आख्यानाची सलग पाने घ्यावीत, ती कोणी रंगवली हे विचारावे आणि त्यातली कथा मुलाबाळांना सांगावी. शासनानेही विश्वकर्म्याच्या यादीत चित्रकाराला स्थान द्यावे, अशी मागणी भाविकांनीच करावयास हवी.

घट बसवताना आपण मातीत धान्य पेरतो आणि नऊ दिवस त्याला पाणी घालतो. न शिंपता अंकुर येत नाही, हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक काय सांगावे?